तीन आण्यांचे भाषण

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सभा जिंकणे आणि माणसे जोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर समाजवादी चळवळीला पडत चालला आहे. प्रभावी वक्त्यांची या चळवळीत कधीच वाण नव्हती. तरीही टाळ्यांच्या कडकडाटात संपलेल्या सभेतील श्रोता मतदानाच्या दिवशी दुसरीकडे जातो आणि मग लोकांच्या अज्ञानाला बोल लावला जातो. दोष श्रोत्याचा की वक्त्याचा, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

1963 साली फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून डॉ. राममनोहर लोहिया लोकसभेत आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारतातील तो पहिलाच असा ठराव. लोहिया बर्लिनचे डॉक्टरेट. अर्थशास्त्राची परिभाषा त्यांना परकी नव्हती. परंतु देशाचे दारिद्र्य त्यांनी एका वाक्यात सभागृहापुढे ठेवले: 27 कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगत आहेत. सरकारी पक्षाने उत्तरादाखल 15 आण्यांचा आकडा पुढे केला आणि देशभर वाद पेटला. सरासरी ही मोठी फसवी चीज असते. सावकाराचे आणि त्याच्या कुळाचे उत्पन्न एकत्र करून दोनाने भागले, तर कूळही सुखवस्तू ठरते!

त्या वाक्याचे सामर्थ्य कशात होते? नाणेपद्धती 1957 मध्येच दशमान झाली होती. पण लोकांच्या बोलण्यात आणा अजून जिवंत होता. तीन आण्यांत किती धान्य येते, हे शेतमजूर स्त्रीला कोणी शिकवावे लागत नव्हते. दिल्लीत उच्चारलेला आकडा ती आपल्या चुलीपाशी पडताळून पाहू शकत होती. वक्त्याने श्रोत्याच्या हाती स्वतःचेच माप दिले होते. आजच्या ठरावांतील ‘वित्तीय तूट’ आणि ‘संरचनात्मक विषमता’ हे शब्द चुकीचे नाहीत; मात्र ते पडताळण्याचे कोणतेही साधन ऐकणाऱ्याजवळ नसते. त्याने केवळ विश्वास ठेवायचा, आणि विश्वासच ठेवायचा तर अधिक गोड बोलणारे बाजारात पुष्कळ आहेत.

महाराष्ट्राला याहून जुना आणि जवळचा गुरू लाभला होता. गाडगेबाबा निरक्षर. गावात पाऊल टाकल्यावर ते प्रथम खराटा हाती घेत, कीर्तन त्यानंतर. त्या कीर्तनात निरूपण थोडे आणि प्रश्न फार. देव कोठे असतो, कर्ज काढून जेवणावळी का घालता, नवसाला बकरे का कापता, असे ते वऱ्हाडी बोलीत विचारीत जात. उत्तर समोरच्या माणसांना द्यावे लागे आणि देता देता आपल्याच उत्तरातील विसंगती त्यांच्या ध्यानी येई. ऐकणाऱ्याला अपमान न वाटता त्याचे मत बदलण्याची ही रीत विद्यापीठांनाही साधलेली नाही. शिवाय, दुपारभर ज्याने आपल्या दारची घाण काढली त्याचे बोलणे रात्री मानभावी ठरवणार कसे?

याच्या शेजारी आजची सभा ठेवून पाहावी. उन्हात तीन तास ताटकळलेली माणसे, उशिरा येणारा नेता, पुष्पगुच्छ आणि स्वागतपर भाषणांत गेलेला वेळ, आणि ‘वेळेअभावी’ रद्द झालेली प्रश्नोत्तरे. सभेला माणसे ट्रकने आणली जातात, हा सत्ताधाऱ्यांवरचा आरोप सर्वांना पाठ आहे. पण स्वेच्छेने आलेल्या मूठभर माणसांना तरी चळवळीचे नेते कोणता प्रश्न विचारतात?

साने गुरुजी काही सभा दणाणून सोडणारे वक्ते नव्हते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून 1 मे 1947 रोजी त्यांनी उपोषण आरंभले, ते दहा दिवस चालले. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडले होते. ठिकठिकाणी गावकऱ्यांना त्यांनी विनविले आणि त्यांचा विरोधही ऐकून घेतला. बडव्यांचे मन वळविणे सोपे नव्हतेच. पण उपोषणाचा दिवस उजाडला तेव्हा त्या मागणीमागे एकटे गुरुजी उभे नव्हते. गावोगावची माणसे तोवर त्या प्रश्नावर आपापसांत भांडू लागली होती.