फुकट केलं तर प्रेम, दाम मागितला तर चोरी
(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मला आज एका कोर्टकेसवर बोलायचंय. केस अमेरिकेतली. लेखिका ब्रिटनमधली, वाचक अमेरिकेतला. पुस्तक हॅरी पॉटर. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी ते वाचलंय आणि सिनेमे तर सगळ्यांनीच पाहिलेत. मीही वाचलंय. वस्तीतल्या पोरानं जादूच्या गोष्टी वाचू नयेत असा आपण काही ठराव केलेला नाही.

वाचकाचं नाव स्टीव्हन वँडर आर्क. मिशिगनमधल्या एका शाळेतला ग्रंथपाल. २००० साली ह्यानं इंटरनेटवर पॉटरच्या पुस्तकांचा कोश सुरू केला. कुठलं पात्र, कुठला मंत्र, कुठली जागा, सगळं अकारविल्हे लावून ठेवलं. जोडीला आणखी काही वाचक आले. पगार कुणालाच नाही. नोकरी करून उरलेल्या वेळात केलेलं हे काम. २००४ साली जे. के. रोलिंगबाईंनी स्वतः त्या कामाला बक्षीस दिलं. लिहिताना एखादा तपशील अडला की आपणही तिथं डोकावतो, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. सिनेमे काढणाऱ्या वॉर्नर कंपनीचं तर विचारूच नका. २००६ साली वँडर आर्क शूटिंग बघायला गेला, तेव्हा निर्माता डेव्हिड हेमन त्याला म्हणाला की आम्ही तुमचा कोश जवळजवळ रोज वापरतो. हे माझ्या मनचं नाही. न्यायाधीशाच्या निकालपत्रात छापलंय.

म्हणजे लेखिका वापरते, कंपनी वापरते. तोवर सगळं गोडीगुलाबीनं.

२००७ साली मिशिगनमधल्याच आरडीआर बुक्स नावाच्या बारक्या प्रकाशकानं ह्या कोशाचं पुस्तक करायचं ठरवलं. विकायचं पुस्तक. वँडर आर्कला आधी वाटत होतं की हे कायद्यात बसणार नाही. दावा झाला तर भार मी घेतो असं प्रकाशकानं लिहून दिल्यावर तो तयार झाला. ३१ ऑक्टोबर २००७ ला रोलिंगबाई आणि वॉर्नर दोघांनी मिळून न्यूयॉर्कच्या कोर्टात प्रकाशकावर दावा ठोकला. बाईंना स्वतःचा कोश लिहून त्याचे पैसे धर्मादायाला द्यायचे होते. एप्रिल २००८ मध्ये तीन दिवस सुनावणी झाली. बाई जातीनं हजर. (जातीनं म्हणजे स्वतः. आपल्या भाषेतून हा शब्द जाता जात नाही बघा.) साक्षीत त्यांनी ह्या पुस्तकाला सरळ चोरी म्हटलं.

आता मला रस आहे तो वाचकांनी काय केलं त्यात.

आधी थोडं मागं जाऊ. २००० सालच्या शेवटी ह्याच वॉर्नर कंपनीनं पॉटरवर काही ना काही करणाऱ्या शाळकरी पोरापोरींना वकिलाच्या नोटिसा धाडल्या होत्या. इंग्लंडातली एक मुलगी तर अवघी पंधरा वर्षांची. तेव्हा अमेरिकेतली हेदर लॉव्हर नावाची शाळकरी मुलगी उठली आणि तिनं कंपनीच्या मालावर बहिष्काराची हाक दिली. देशोदेशीची पोरं एक झाली. कंपनीनं शेपूट घातलं. लक्षात घ्या, ही पोरं काही मार्क्स वाचून आलेली नव्हती. आपल्यातल्याच कुणावर तरी बालंट आलंय एवढंच त्यांना कळलं.

सात वर्षांनी तेच वाचक दुभंगले. पुष्कळांनी लेखिकेची बाजू घेतली. बाईंनी आपल्याला एवढं दिलं अन् हा तिच्या जिवावर पैसे करतो, हा त्यांचा सूर. काही थोडे उलट बोलले. ऑर्सन स्कॉट कार्ड ह्या अमेरिकन लेखकानं तर रोलिंगबाईंना लेख लिहून झोडपून काढलं. पण ज्या गोतावळ्यात वँडर आर्कनं सात वर्षं काढली, तिथं त्याचं तोंड काळं झालं. तुम्ही अजून स्वतःला ह्या लोकांतलेच मानता का, असा प्रश्न कोर्टात आल्यावर हा पन्नाशीचा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात रडला.

वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी वँडर आर्कला आपल्या आज्याच्या पंगतीला बसवू नका. त्याला कुणी गावकीचं काम लावलं नव्हतं, तो हौसेनं राबला. पण फुकट राबतो तोवर घरचा माणूस आणि मजुरीचं नाव काढलं की माजला, ही रीत आपल्या ओळखीची आहे. त्याच ऑक्टोबर २००७ मध्ये कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये एका दुर्गापूजा मंडळानं पॉटरच्या शाळेसारखा मंडप उभारला. त्यावरही बाई आणि वॉर्नर दिल्ली हायकोर्टात, मागणी २० लाखांची. नफ्याचं काम नाही म्हणून कोर्टानं मंडप राहू दिला. म्हणजे इथंही तेच. नफा नाही ना, मग चालू द्या.

पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली तर मीही लबाडच.

८ सप्टेंबर २००८ ला न्यायाधीश रॉबर्ट पॅटरसन यांनी निकाल दिला. प्रकाशक हरला. पुस्तकावर बंदी, दंड ६,७५० डॉलर. कारण काय? कोशात बाईंची वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी उचललेली होती. हे खरं होतं. मात्र न्यायाधीशानं हेही लिहिलं की आपल्या पुस्तकावर दुसऱ्यानं संदर्भग्रंथ करूच नये असं म्हणायचा हक्क लेखकाला नाही. मग वँडर आर्कनं उचललेला मजकूर कमी केला, स्वतःचं भाष्य वाढवलं, आणि जानेवारी २००९ मध्ये पुस्तक रीतसर निघालं.

मला हा निकाल बराचसा पटतो. का, तर लेखकाचा हक्क म्हणजे बिनजमिनीवाल्याचा सातबारा. अण्णाभाऊ साठ्यांनी एवढं लिहिलं आणि १९६९ साली मुंबईत हलाखीत गेले. उद्या तुमची कविता कुणी उचलून स्वतःच्या नावानं विकली तर तुम्ही काय कराल? तेव्हा लेखकाचा हक्कबिक्क सब झूट, असं इथं टाळ्यांसाठी कुणी बोलू नका.

मग माझं भांडण कुणाशी? त्या वाचकांशी. किती उचललं, किती स्वतः केलं, हे न्यायाधीशानं पानं उलटून तपासलं. पुष्कळ वाचकांनी तेवढीही तसदी घेतली नाही. बाई म्हणाल्या ना चोरी, मग चोर. रोज वापरणाऱ्या कंपनीनं त्याला काय दिलं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. आपण ते पोस्टरवर छापतो आणि पोस्टरला हार घालतो. आपल्यातही एखादा पुढारी बोट दाखवतो आणि आपण कागद न बघता माणूस संपवतो. नावं घेत नाही. तुम्हाला ठाऊक आहेत.

त्या वाचकांचं पुढं असं झालं. २०२० साली ट्रान्स लोकांबद्दल बाई जे बोलल्या, त्यावरून चाहत्यांच्या दोन मोठ्या गटांनी, लीकी कॉल्ड्रन आणि मगलनेटनं, जाहीर करून त्यांच्यापासून अंतर घेतलं. म्हणजे बाईंना नाही म्हणता येतं, हे त्यांना कळलं. बारा वर्षांनी.

आता शेवटी कामाचं. जयंतीला गाण्यांची पुस्तिका काढताय. मी मुद्रितं पाहिली. सतरा गाण्यांखाली ‘पारंपरिक’ छापलंय. त्यातली दोन माझ्याच चाळीतल्या माणसानं रचलेली आहेत, गिरणीतून सुटल्यावर जिन्यात बसून. त्याची बायको अजून तिथंच राहते. छापखान्यात कागद शनिवारी जाणार आहेत. उद्या दोघंजण माझ्याबरोबर चला. तिला विचारू, नाव घालू, अन् पुस्तिकेला किंमत लावणार असाल तर तिचा वाटा किती ते तिच्यासमोर बसून ठरवू. उरलेल्या पंधरांसाठी म्हाताऱ्या माणसांकडं जावं लागेल. कोण येतंय, हात वर करा.