मुकादमाची वही आणि आपली वही

पावसाळा सरत आला, की मुकादम उचल घेऊन वाडीवस्तीवर फिरू लागतात. आमच्या बचत गटांतल्या कितीतरी जोड्या दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. म्हणून आज बोलू या, कामावर सत्ता कुणाची चालते आणि ती ओळखायची कशी, यावर.

मानवशास्त्र नावाची एक विद्या आहे. तिची रीत अशी, की माणसांत जाऊन राहायचं, त्यांचा अख्खा दिवस बघायचा आणि लोक सांगतात काय अन् घडतं काय, हे ताडून पाहायचं. नेदरलँड्सचे अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९६२ पासून दक्षिण गुजरातच्या गावांत असंच काम केलं. आपल्या खानदेशातून बारडोलीकडं तोडणीला जाणाऱ्या मजुरांवरही त्यांनी लिहिलं. उचल घेतलेला मजूर हंगामभर कसा बांधला जातो, हे त्यांनी दाखवलं.

याच नजरेनं आपला फड बघू. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. राबतात दोघं, मोजणी एकाची. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीपाशी नेते. त्याआधी पहाटे उठून तिनं पाणी भरलेलं असतं, भाकरी थापलेल्या असतात. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांनी. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. मग ताप असो की पाळी, बाई अंगावरच काढते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. तेव्हाही खाड्याच्या धाकाबद्दल बायका बोलल्या होत्या.

म्हणजे कुणी अंगावर ओरडायलाच हवं असं नाही. वही मुकादमाकडं असते, आणि त्या वहीत बाईचं नावच नसतं.

तेव्हा यंदा उचल घेण्याआधी गटाच्या बैठकीत चार गोष्टी विचारू या. पैसे कुणाच्या हातात देणार? कागदावर सही-अंगठा कुणाचा? आजारपणाला खाडा लागणार का, लागला तर किती? हिशेब कोण लिहिणार आणि आम्हाला कधी दाखवणार? उत्तरं तारीख घालून आपल्याही वहीत उतरवू. बचतीचा पै-पैचा हिशेब आपण ठेवतोच. हंगाम संपताना मुकादम वही उघडेल, तेव्हा आपलीही वही समोर ठेवता आली पाहिजे.