हरणाची रायफल



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. जेथे हरीण मारणे हा गुन्हा, तेथे हरणाची रायफल कशी निवडावी याचा खल कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर प्रथमच देऊन टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या परिशिष्टात स्थान दिले, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बुजवली. तेव्हा मी आज कोणालाही शिकारीला नेणार नाही. परंतु एखाद्या जुन्या घरात आजोबांची रायफल अजून पेटीत असते आणि नातवाला ती काय चीज आहे हे ठाऊक नसते. रानडुकरांनी भुईमुगाचे वावर उकरले की शेतकरी विचारतो, "साहेब, कोणती बंदूक घेऊ?" आणि आपल्या माळावरची हरणे कशी संपली हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने हे हत्यार हाताळले नाही तरी जाणले पाहिजे.

हत्यार निवडण्याची गोष्ट बोरीला नवी नाही. येथल्या कुकडीच्या काठी अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत, आणि त्याच थरांजवळ ज्वालामुखीच्या राखेचा पट्टाही आहे. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची की त्याहून फार जुनी, यावर विद्वानांचा वाद झडला. तो त्यांच्यावर सोपवू. आपल्यापुरते एवढेच की, कोणता दगड कसा फुटतो आणि मुठीत कसा बसतो, हे पारखून घेणारा माणूस येथे फार पूर्वी बसून गेला आहे.

आता हरीण म्हणजे कोणते? आपण मराठीत सगळ्यांनाच हरीण म्हणतो. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे झडतात आणि पुन्हा येतात; काळवीट आणि चिंकारा यांची जन्मभर टिकतात. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही दोन कुळे वेगळी. शिकाऱ्याला कुळापेक्षा वजनाशी आणि अंतराशी कर्तव्य असे. चिंकारा वीस-पंचवीस किलोंचा, काळवीट पस्तीस-चाळीस किलोंचा. दोघेही उघड्या माळावरचे, दीड-दोनशे वारांच्या आत माणसाला येऊ न देणारे. उलट भीमाशंकरच्या झाडीतले सांबर दोनशे किलोंच्याही वर जाते, पण दिसते ते पन्नास-साठ वारांवर, तेही पानांआडून. एकाच रायफलीने ही दोन्ही कामे सारखी होत नाहीत, आणि निवडीचा सारा घोळ येथून सुरू होतो.

बहुतेकांजवळ रायफल नसेच. असे ती बारा बोअरची बंदूक, आणि तीत एल. जी. म्हणून मिळणारे मोजक्या जाड छऱ्यांचे काडतूस. चाळीस वारांच्या आत ते ठीक. त्यापुढे छरे पसरतात. एखादा पोटात, एखादा मांडीत शिरतो आणि जनावर पळून जाते. चार दिवसांनी ते कुठल्या तरी ओढ्यात मरते, आणि त्याची गणती कोणत्याच वहीत होत नाही. रायफलीच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, भोवऱ्यासारखी स्थिर राहून जाते. म्हणून एकच गोळी, पण ती नेमकी जागी. बोल्टची रायफल म्हणजे हाताने दांडा उचलून, मागे ओढून, पुढे ढकलून काडतूस भरायची. दाराच्या कडीसारखीच ही युक्ती. जर्मनीच्या माउझर बंधूंच्या कारखान्याने १८९८ साली ती अशी पक्की बसवली की आजही जगभर तिचीच नक्कल चालते. तिच्यात दुसरा बार टाकायला क्षणभर वेळ लागतो. चांगला शिकारी याला दोष मानीत नसे. दुसरी गोळी चटकन मिळणार नाही हे माहीत असले की पहिली जपून सुटते.

बोअरविषयी मात्र आपल्या देशात एक गंमत झाली. रायफलीचा बोअर म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या भागांत सांगितलेला. (बारा बोअरचे बारा म्हणजे व्यास नव्हे हो! नळीत बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा मावतात, म्हणून बारा. इंग्रजांचे हिशेब असेच असत.) लष्कराची रायफल थ्री-नॉट-थ्री. सरकारी काडतूस बंडखोरांच्या हाती लागू नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बोअर नागरिकांना वर्ज्य झाला. मग हिंदुस्थानात प्रजेसाठी रूढ झाला तो ३१५ बोअर, मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्याचे काडतूस. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने याच बोअरची शिकारी रायफल बनवली. यंत्र थ्री-नॉट-थ्रीचेच, नळी तेवढी वेगळी! आणि तिची काडतुसे आपल्या पुणे जिल्ह्यात, खडकीला होत, बुडावरची 'के. एफ.' ही अक्षरे खडकीची. म्हणजे आजोबांनी ३१५ निवडली असे आपण म्हणतो खरे, पण ती हरणाला पाहून निवडलेली नव्हती. सरकारच्या भीतीने निवडलेली होती, आणि आजोबांनी फक्त पैसे मोजले.

ही रायफल वाईट होती काय? मुळीच नाही. तिची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची, बोथट, आणि सुटताना वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. तिच्या शेजारी .२७५ बोअरची माउझर पद्धतीची रायफल ठेवा. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेट यांना जी भेट मिळाली, ती याच बोअरची. तिची गोळी नऊ ग्रॅमची, वेग साडेसव्वीसशे फूट. गुणाकार करून पाहा: नळीच्या तोंडाशी दोघींचा जोर जवळजवळ सारखाच भरतो. फरक पडतो तो वाटेत. शंभर वारांवर नेम बसवलेली ३१५ ची गोळी दोनशे वारांवर सुमारे फूटभर खाली उतरते; .२७५ ची पाच-सहा इंच. काळविटाचे मर्मस्थान वीतभर रुंदीचे. फूटभर चूक झाली की गोळी पायावर बसते. झाडीतल्या सांबराला ३१५ उत्तम, जड आणि भरवशाची. माळावरच्या चिंकाऱ्यावर ती चालवणे म्हणजे अंतराचा अंदाज अचूक करता येत असेल तरच. ज्याला तो येत नसे त्याने दोनशे वारांवर बार टाकूच नये, असे जुने जाणते सांगत. सांगत पुष्कळ, ऐकत थोडे.

बोअरइतकाच गोळीच्या टोकाचा विचार हवा. संपूर्ण तांब्याच्या कवचातली लष्करी गोळी लहानशा भोकाने आरपार जाते. मऊ टोकाची गोळी आत शिरताच छत्रीसारखी पसरते आणि जनावर जागच्या जागी कोसळते. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी गोळी सैन्यासाठी काढली गेली, आणि १८९९ साली हेगच्या परिषदेने युद्धात ती निषिद्ध ठरवली. माणसावर जी क्रूर ठरली, ती हरणावर दयेची. कारण जखमी सैनिकाला उचलून नेणारे कोणी असते. जखमी हरणाला कोणी नसते.

दस्ता खांद्याला बसतो की नाही, चाप ओढताना अडखळतो की काय, माशी आणि खाच ओळीत दिसतात की नाही, या गोष्टी दुकानातच पाहायच्या. दुर्बीण असली तर चौपट पुरे. बैलगाडीतून किंवा जीपमधून हादरत आणलेली रायफल नेम तपासल्याशिवाय वापरू नये. याहून अधिक यात काही नाही, जरी शौकीन लोक यावरच रात्र-रात्र बोलतात.

जीपवरून आठवले. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्ष्यांचा कायदा होता. परवाने होते, बंदीचा मोसम होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, तिच्यावर झगझगीत दिवा चढला, आणि रात्री डोळे दिपून उभ्या राहिलेल्या कळपावर कोणीही नेम धरावा अशी स्थिती आली. अंतर, वारा, गोळीचा उतार यांपैकी काहीच जाणण्याची गरज उरली नाही. रायफलीने काळवीट संपवले असे म्हणतात, ते अर्धेच खरे. माळ नांगराखाली गेले, आणि रायफलीला चाके लागली. मागे राहिलेल्यांसाठी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात रेहेकुरीचे अभयारण्य १९८० साली झाले. चिंकारा पाहायचा तर आपल्या जिल्ह्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. दोन्हीकडे दुर्बीण घेऊन जा. नेम तोच धरावा लागतो. फक्त चाप नसतो.

आता शेतकऱ्याचा प्रश्न. रानडुकराने पीक नासले तर वनखात्याच्या परवानगीने त्याला मारण्याची तरतूद राज्य शासनाने केली आहे. परवानगी हाती आली, असे धरू. मग रायफल घ्यावी काय? त्याचे उत्तर रायफलीत नाही, जमिनीत आहे. रायफलीची गोळी कोठे अडली नाही तर दोन मैलांच्या आसपास जाते. जुन्या शिकाऱ्याच्या मागे उजाड माळ किंवा डोंगराचा उतार होता. बोरीच्या शिवारात आज कुकडीचे पाणी आहे, ऊस आहे, आणि वावरावावरांतून वस्त्या आहेत. उसाच्या पल्याड कोण मोटार चालू करायला गेला आहे, कोणती बाई गवताला गेली आहे, हे अंधारात कोणाला दिसते? शिवाय उसातून जी खसफस ऐकू येते ती डुकराचीच असेल असे नाही. बिबट्या जुन्नरच्या उसाला चांगला सरावला आहे. आणि छऱ्याने घायाळ झालेला बिबट्या हा बिनघायाळ बिबट्यापेक्षा साऱ्या गावाला महाग पडतो.

म्हणून ज्याला परवानगी आहे त्याने उंच माचाणावरून, खाली मातीत जाईल असाच बार टाकावा, तीस वारांच्या आत, आणि त्यासाठी बारा बोअर पुरते. सपाट रानात उभ्याने रायफल चालवण्याजोगी जागा आपल्याकडे मला तरी दिसत नाही.

राहिली आजोबांची ३१५. परवानाधारक गेल्यावर ती घरात तशीच ठेवता येत नाही. वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा, नाही तर पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करायची. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेही ध्यानात असू द्या. जमा करण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री जाणत्या माणसाकडून करून घ्या. त्याने बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली, तर मागच्या बाजूने डोळा लावून पाहा: आतले आटे स्वच्छ वळत गेलेले दिसले, तर आजोबा शिकारीनंतर नळी पुसत असत. गंज दिसला, तर ती बहुधा भिंतीवरच टांगलेली होती.