पुढच्या तुकडीच्या हाती वही



पर्यावरणाचे संशोधन शिकवायचे कसे, हा या परिषदेचा विषय आहे. तो वसईत चर्चेला यावा याचा मला विशेष आनंद वाटतो. या तालुक्यात पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न विद्यापीठाच्या आधी रस्त्यावर आला. 1980 च्या दशकाअखेर हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत शेतकरी, बागायतदार आणि घरातल्या बायका मोर्च्यात उतरल्या. टँकरवाले विहिरी उपसून नेत आहेत आणि उरलेले पाणी खारट होत आहे, ही त्या वेळची तक्रार. ती खरी होती. पण समजा, आज कोणी विचारले की गास, भुईगाव किंवा नंदाखालच्या अमुक विहिरीचे पाणी 1990 मध्ये किती मचूळ होते, 2005 मध्ये किती आणि आज किती, तर उत्तर द्यायला आपल्यापाशी सलग नोंद नाही. लोकांच्या जिभेला जे कळले होते ते कागदावर राहिले नाही. मला आज या एकाच गोष्टीबद्दल बोलायचे आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच सत्रात संशोधन पद्धती हा चार श्रेयांकांचा विषय आला. पुढच्या सत्रात क्षेत्रीय प्रकल्प किंवा प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. हा बदल चांगला आहे आणि मी त्याचे स्वागत करतो. मात्र वेळापत्रक बघा. माझ्यासमोर परीक्षणाला येणाऱ्या बहुतेक प्रकल्पांत पाण्याचे नमुने जानेवारी ते मार्च या काळातले असतात, कारण प्रबंध एप्रिलमध्ये द्यायचा असतो. आपल्या किनारपट्टीतली विहीर सर्वांत जास्त खारावते ती वैशाखात, पावसाच्या तोंडावर. तेव्हा विद्यार्थी परीक्षेत किंवा सुट्टीवर असतो. आषाढात पाणी काठाला येते, तेव्हा नवी तुकडी अजून विषय निवडत असते. वर्षातले हे दोन सर्वांत बोलके क्षण आपल्या प्रबंधांना दिसतच नाहीत. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी दुसरे गाव घेतो, दुसऱ्या विहिरी घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

आता विहिरीवर जरा थांबतो, कारण पद्धती म्हणजे काय ते तिथेच नीट समजते.

आपल्या पश्चिम पट्ट्यात वरती वाळू आणि गाळाचा थर आहे, खाली काळा पाषाण. पावसाचे गोडे पाणी या थरात मुरते आणि जड असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. सच्छिद्र थरात समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत ते खाऱ्याला रेटून धरते, हे घायबेन आणि हेर्झबर्ग या दोन अभियंत्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवले. याचा उलटा अर्थ भयंकर आहे. पंप लावून पातळी एक मीटर खाली आणली, तर तळातून खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. जुन्या वाडीत रहाटाने पाणी काढत तेव्हा उपसा बेताचा होता, आणि वाडीतली बावखले, म्हणजे छोटी तळी, पावसाचे पाणी धरून ते जमिनीत मुरवत होती. पंप आले, टँकर आले, बावखले बुजली आणि हा तोल ढळला. अर्थात तो नियम सलग वाळूचा. आपल्या पाषाणाच्या भेगांमध्ये तो कितपत लागू पडतो, हे प्रत्यक्ष मोजूनच कळेल. एका तुकडीला तर एवढाच प्रश्न पुरेल.

मग मोजायचे कसे? विद्यार्थी बादली सोडतो, बाटली भरतो, मीटरवरचा आकडा लिहितो. पण खारे पाणी तळाशी बसते आणि बादलीत येते ते वरचे. म्हणून खुणा केलेला दोर हवा आणि नमुना किती खोलीवरचा हे लिहिलेले हवे. आदल्या तासात पंप चालू होता का, ते विचारायला हवे. रात्रभर विसावलेली विहीर आणि चार तास उपसलेली विहीर सारखी नसते. मीटर त्या दिवशी प्रमाण द्रावणात तपासला होता का? प्रत्येक दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घेतला का? क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचे टायट्रेशन करताना विटकरी छटा कोणाला कधी दिसते यात माणसामाणसांत फरक पडतो, म्हणून दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता वाचायचे. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. या दोन आकड्यांच्या मधे एखाद्या कुटुंबाची विहीर असते. तिथे घाईत लिहिलेला आकडा मी चुकीचा नाही, अन्यायाचा मानतो.

विहिरी निवडायच्या कशा, हाही प्रश्न आहेच. विद्यार्थी रस्त्यालगतच्या आणि ओळखीच्या घरच्या विहिरी घेतात. आपल्याच महाराष्ट्राचे पांडुरंग सुखात्मे आणि विनायक पानसे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांसाठी शेत यादृच्छिक पद्धतीने निवडण्याची शिस्त देशभर रुजवली. शेती महाविद्यालयांत पानसे-सुखात्म्यांचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. ही आपली परंपरा आहे. पर्यावरणाच्या वर्गात ती तेवढ्याच आदराने शिकवली गेली पाहिजे.

खाडीचे गणित आणखी वेगळे. नायगावच्या किंवा पाणजूच्या धक्क्यावर सकाळी दहाला घेतलेला नमुना म्हणजे नेमके काय? भरतीत ते समुद्राचे पाणी, ओहोटीत शहराच्या नाल्यांचे. तिथी आणि भरतीची अवस्था न लिहिता दिलेला आकडा वाचायचा कसा, मला कळत नाही. कोळीवाड्यात हे शिकवावे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. उधाण कोणते आणि भांगाचे पाणी कोणते, हे पाचूबंदरच्या मच्छीमाराला ठाऊक असते. खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते आणि किती उशिरा हे गावागणिक बदलते, तेही तोच सांगेल. संशोधन पद्धतीच्या तासाला त्याला पाहुणे वक्ते म्हणून बोलवा, सन्मानाने, मानधन देऊन.

आता सलग नोंदीकडे येतो. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या विजेने मोजणी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. ती 1904 मध्ये सुरू झाली, पण म्हणून कुलाबा त्याच दिवशी बंद केले नाही. दोन वर्षे, 1906 पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांचे नव्यांशी नाते कळावे. त्यामुळे ही मालिका आजही अखंड वाचता येते. मोजणारी माणसे बदलली, उपकरणे बदलली, जागासुद्धा बदलली, तरी नोंद तुटली नाही. साधन बदलताना जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवायचे, हा धडा अलिबागने दिला आहे. आपल्या प्रयोगशाळेत नवा मीटर आला की जुना कपाटात जातो आणि मागचे सगळे आकडे अनाथ होतात.

पुराबद्दलही हेच. 2018 च्या जुलैत वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेले, मिठागरातली वस्ती अडकून पडली, वीज आणि रेल्वे बंद पडली. त्यानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमली. अशा तज्ज्ञांना नाल्यांच्या पातळीची वर्षानुवर्षांची स्थानिक नोंद हाती देता आली, तर त्यांचे काम किती भक्कम होईल! भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा अजून काही घरांत आहेत. त्यांची उंची मोजून ठेवायला विद्यार्थ्यांना एक लेव्हल, एक पट्टी आणि घरमालकाची परवानगी एवढेच लागेल. रंगकाम झाले की त्या खुणा जातील.

परवानगीचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या वाड्यांत लोक विद्यार्थ्यांना कंटाळले आहेत, आणि त्यात दोष लोकांचा नाही. दरवर्षी कोणीतरी येते, प्रश्नावली भरून घेते, पाणी नेते आणि परत येत नाही. विहीर ज्यांची, त्यांना त्यांचा आकडा मराठीत, एका कागदावर, महिन्याभरात मिळालाच पाहिजे. पाणी पिण्याजोगे नसेल तर त्याच दिवशी तोंडी सांगितले पाहिजे. गुणपत्रिकेत यासाठी गुण ठेवावेत, अशी माझी मागणी आहे.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. वसई तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयाने काही विहिरी, एक बावखल आणि खाडीवरची एक जागा कायमची दत्तक घ्यावी. विहिरी गावाच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात. वर्षातून निदान दोनदा, मे अखेरीस आणि पाऊस सरल्यावर, त्याच जागी त्याच पद्धतीने मोजणी व्हावी. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीला सोबत नेऊन एक मोजणी करून दाखवावी आणि मग नोंदवही हवाली करावी. मूळ वही विभागाच्या ग्रंथालयात राहील, तिची प्रत ग्रामस्थांना बघायला खुली असेल. मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्च आणि श्रेयांक दोन्ही मिळावेत, हे कलम प्राचार्यांनी कृपया वगळू नये. सिल्व्हर नायट्रेट महाग पडते, त्यामुळे खर्च महाविद्यालयांनी वाटून घ्यावा, असेही मसुद्यात लिहिले आहे. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत वाचून दुरुस्त्या सुचवा, आणि विहिरींच्या याद्या कोणत्या गावापासून करायच्या ते सत्र संपण्यापूर्वी ठरवू.