पाहुणे आले, डॉलर कुठे गेले?

मालदीवची सुकी मासळी एके काळी श्रीलंकेच्या स्वयंपाकघरांत हमखास असायची, आणि त्या मासळीवरच मालदीवची परकीय चलनाची कमाई चालायची. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ही बाजारपेठ बसली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी तर इथे पर्यटन चालायचं नाही, असा निर्वाळाही देऊन ठेवला होता. तरी ऑक्टोबर १९७२ मध्ये राजधानी मालेजवळच्या एका निर्जन बेटावर ‘कुरुंबा’ हे पहिलं रिसॉर्ट उघडलं.

पुढचा हिशेब तज्ज्ञांना खोटं पाडणारा आहे. २०११ मध्ये देश अल्पविकसितांच्या यादीतून बाहेर पडला. २०२४ मध्ये पाच लाख वस्तीच्या या बेटांवर वीस लाखांहून जास्त पर्यटक उतरले. पण २०२० मध्ये कोविडमुळे साडेतीन महिने सीमा बंद राहिल्या, तर त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न जवळजवळ एक तृतीयांशाने घटलं. एकाच धंद्यावर देश उभा असला की असं होतं.

खरा प्रश्न मात्र पर्यटक किती आले हा नाहीच. पाहुण्याच्या ताटातला तांदूळ, कोंबडी, भाजी, बहुतेक सगळं जहाजाने किंवा विमानाने येतं. वाढणारा अनेकदा बांगलादेशी किंवा भारतीय असतो, पगार त्याच्या गावी जातो. मालक परदेशी कंपनी असेल, तर नफाही बाहेर.

शिवाय रिसॉर्टं निर्जन बेटांवरच, अशी जुनी रीत होती. त्यामुळे शेजारच्या बेटावरच्या कोळ्याला पर्यटक दिसायचा तो फार तर होडीतून. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसांना मुभा मिळाली आणि तुरुंगासाठी ओळखलं जाणारं माफुशी बेट गेस्टहाउसांनी गजबजलं. पर्यटनाचा पैसा पहिल्यांदाच गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचला. आमच्या मते ‘कुरुंबा’नंतरची सर्वांत मोठी घटना हीच.

सरकारी तिजोरीची कथा निराळी. विमानतळ, पूल, घरबांधणी यांसाठी कर्ज वाढत गेलं, ते वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्याही वर. वीस लाख पाहुण्यांच्या त्याच २०२४ साली डॉलरची इतकी टंचाई झाली की ऑक्टोबरमध्ये भारताला चलन-अदलाबदलीचा करार करून हात द्यावा लागला. त्याच महिन्यात मालदीवने नियम काढला: मोठ्या रिसॉर्टांनी दर पर्यटकामागे ५०० डॉलर देशातल्या बँकेत स्थानिक रुफियात बदलून घ्यायचे. छोट्या गेस्टहाउसांना हाच आकडा २५ डॉलर ठेवला.