उद्या काय खपेल?

माल उरला तर पैसा अडकतो, संपला तर गिऱ्हाईक परत जातं. गटाचं दुकान चालवताना आपल्याला हे रोज भेडसावतं. जपानमधल्या सेव्हन-इलेव्हन दुकानांनी यावर काय केलं, ते आज ऐकू या.

त्यांचं पहिलं दुकान १९७४ साली टोकियोत उघडलं. तेव्हा एकेका दुकानाला दिवसाला ७०च्या आसपास गाड्या माल आणत. दुधाची वेगळी, पावाची वेगळी. मग त्यांनी दुकानं जवळजवळ काढली आणि निरनिराळ्या कारखान्यांचा माल एकत्र करून पाठवायला सुरुवात केली. कोणता माल कोणत्या गाडीत, हे थंडाव्यावर ठरतं. आइस्क्रीम गोठलेलं, दूध गार; भाताचे मुटके मात्र २० अंशांच्या आसपास. फार गारठला की भात टणक होतो, हे आपल्याला सांगायला नको! गाड्या दहाच्या आसपास आल्या.

पण किती माल मागवायचा, हे ठरवतात दुकानात काम करणारी माणसंच. काल काय खपलं ते यंत्र सांगतं. उद्या पाऊस आहे का, जवळच्या शाळेत कार्यक्रम आहे का, हे माणसं बघतात. अंदाज बांधायचा, माल मागवायचा, मग विक्रीशी ताडून बघायचा.

आपल्याकडे यंत्र नसेल, वही तर आहे. एकाच वस्तूपासून सुरुवात करू. किती आणली, किती खपली, त्या दिवशी गावात काय होतं, आणि किती वाजता संपली, तेही लिहू. सकाळी अकरालाच संपली, तर नंतर रिकाम्या हाताने गेलेली गिऱ्हाइकं विक्रीच्या आकड्यात दिसत नाहीत.