पाटी बदलते तेव्हा शाखाधिकाऱ्याचं काम

जालन्याला बँकांचं विलीनीकरण नवं नाही. औरंगाबाद-जालना ग्रामीण बँक आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिची पुढे महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण बँक झाली. 2009 साली ती आणि मराठवाडा ग्रामीण बँक एकत्र येऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. 1 मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तीत सामील झाली. देशातल्या 43 ग्रामीण बँकांच्या अशा 28 झाल्या.

निर्णय दिल्लीत होतो, पण "साहेब, आमचं काय?" हा प्रश्न भोकरदनच्या, मंठ्याच्या शाखाधिकाऱ्यासमोर येऊन उभा राहतो. म्हणून मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

नोकरीपुरतं उत्तर कायद्यात आहे. प्रादेशिक ग्रामीण बँक कायदा, 1976 च्या कलम 23 अ प्रमाणे केंद्र सरकार नाबार्ड, राज्य सरकार आणि प्रायोजक बँक यांच्याशी सल्लामसलत करून विलीनीकरणाची अधिसूचना काढतं. कर्मचाऱ्यांची सेवा त्याच पगारावर, त्याच सेवाशर्तींवर पुढे चालू ठेवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. शाखाधिकाऱ्याने अधिसूचना मुळातून वाचावी आणि शिपायापासून सर्वांना बसवून मराठीत समजावून सांगावी. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते टाळलं की कुजबुज महिनोन्‌महिने चालते.

बदलीचं मात्र वेगळं. कार्यक्षेत्र आता राज्यभर. "तुला गडचिरोलीला पाठवणार नाहीत" असा शब्द शाखाधिकाऱ्याने देऊ नये, कारण तो पाळणं त्याच्या हातात नाही. प्रेमापोटी दिलेला खोटा दिलासा पुढे फसवणूक वाटतो.

वेळही पाहा. मे महिना म्हणजे खरिपाचं पीककर्ज नवं-जुनं करायचे दिवस. जाफराबादकडचा शेतकरी सातबारा, आठ-अ आणि जुनं पासबुक घेऊन खिडकीपाशी येतो आणि विचारतो, खातं तेच ना, अनुदान यातच पडेल ना? लिपिकाला आधी काही सांगितलेलंच नसेल, तर तो म्हणतो, "वरून काही आलं नाही." हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर होतं. म्हणून रोज शाखा उघडण्याआधी दहा मिनिटं बोला: आज काय बदललं, काय नाही, आणि कशाचं परिपत्रक यायचंय.

औद्योगिक वसाहतीतले उद्योजक इथे बसले आहेत. तुमच्या विलीनीकरणाचा रस्ता कंपनी कायदा, 2013 च्या कलम 230 ते 232 चा, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणातून जाणारा. पण कारखान्यातल्या पर्यवेक्षकाला पडणारे प्रश्न हेच.

मन सर्वांत जास्त दुखतं ते सेवाज्येष्ठतेवरून. एका बँकेत वरच्या क्रमांकावर असलेला माणूस एकत्रित यादीत खाली जाऊ शकतो. तेव्हा "एवढं मनावर घेऊ नका" म्हणून त्याला परत पाठवू नका. त्याची हरकत लेखी घ्या, पोच द्या, ती मुदतीत वर पाठवा आणि उत्तर येईपर्यंत तिचा पाठपुरावा करा.